घरी येणारी परिचारिका सेवा: तीन महिन्यांच्या अनुभवानंतर

रक्ताच्या कर्करोगावरील केमोथेरपीचा पहिला टप्पा संपवून आमची सात वर्षांची मुलगी घरी आली, तेव्हा तिच्या दंडातील पिक लाइनची, म्हणजे दंडाच्या शिरेतून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत औषध पोहोचवणाऱ्या बारीक नळीची, निगा राखण्यासाठी आम्ही ही सेवा घेतली. दर 7 दिवसांनी पारदर्शक ड्रेसिंग बदलणे आणि नळी सलाइनने धुऊन मोकळी ठेवणे एवढेच काम असले, तरी त्यात स्वच्छतेची तडजोड चालत नाही, कारण नळीतून शिरलेला जंतू थेट रक्तात पोहोचतो. परिचारिकेने एकदाही घाई केली नाही. चिकटपट्टी निघेपर्यंत मुलीला उलटे आकडे मोजायला लावण्याची तिची युक्ती आम्हीही उचलली.

त्याहून मोलाचे ठरले ते तिचे समजावणे. ताप 38 अंश सेल्सियसवर, म्हणजे 100.4 अंश फॅरनहाइटवर गेला, की पॅरासिटामॉल देऊन वाट न पाहता लगेच रुग्णालयाला कळवायचे, कारण पांढऱ्या पेशी कमी असताना ताप हेच संसर्गाचे एकमेव लक्षण असू शकते आणि औषधाने ते झाकले जाते, हे तिने आजीलाही पटवले. (ड्रेसिंगपेक्षा हे काम अवघड होते.)

तक्रार वेळेबाबत आहे. सकाळची वेळ ठरलेली असूनही दोनदा दुपार झाली आणि धाकट्याला शाळेतून आणायला घरातले कोणी मोकळे राहिले नाही. कार्यालयाने फोनवर केवळ दिलगिरी व्यक्त केली. परिचारिका बदलणार असेल तर तेही आधी कळवायला हवे, कारण अनोळखी चेहरा दिसताच मुलगी हात मागे घेते. पुढील टप्प्यासाठी आम्ही हीच सेवा कायम ठेवली आहे, मात्र या वेळी येण्याची वेळ लेखी मागून घेतली.