इंजिन न उघडता झालेलं 'इंजिनकाम'

"इंजिनचं काम केलंय, आता हजार किलोमीटर पन्नासच्या वर न्यायची नाही." हा सल्ला खोटा नाही. पिस्टन-रिंगा नवीन टाकल्या की त्या सिलिंडरला बसायला वेळ लागतो, तोवर गाडी ताणायची नसते. पण ज्या गाडीची तक्रारच मुळात 'वर जात नाही' ही आहे, तिच्या मालकाला हे ऐकवलं की मेकॅनिकला हजार किलोमीटरचं अभय मिळतं. काम झालंय का, हे पाहायचं तर गाडी पळवायला हवी, आणि नेमकं पळवायलाच बंदी. माझे ७,८०० रुपये असे गेले.

गाडी दीडशे सीसीची, २०१६ची, कार्बोरेटरवाली (कार्बोरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग). कोल्हापूरहून कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत रोजचं जाणं-येणं, म्हणजे बराचसा रस्ता हायवेचा. मोकळ्या रस्त्यावर आरामात शंभरी गाठणारी ही गाडी एका सर्व्हिसिंगनंतर सत्तरला अडायला लागली. चौपदरी हायवेवर दुचाकीला मर्यादा ऐंशीचीच आहे, तेव्हा शंभरीचा हट्ट मी धरत नाही. पण उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करताना मूठ पूर्ण पिळूनही गाडी पुढे सरकेना आणि मागून ट्रक हॉर्न मारतोय, हा प्रकार जिवावरचा आहे.

घरी जे पाहता येतं ते पाहिलं. मेन स्टँडवर लावून मागचं चाक हातानं फिरवलं. मोकळं फिरत होतं, म्हणजे ब्रेक धरत नव्हता. चेन फार ताणलेली नव्हती, हवा बरोबर होती, एअर फिल्टर नवा होता. क्लच प्लेट घसरत असेल तर इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी जात नाही. इथे उलट होतं. इंजिनच ओरडायला तयार नव्हतं. आरपीएमचा, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटा सहा हजाराला येऊन चिकटायचा, पाचव्या गिअरमध्येही आणि तिसऱ्यातही. सुरुवातीचा पिकअप मात्र पूर्वीसारखाच. सकाळी पहिल्या बटनाला गाडी चालू, सायलेन्सरमधून निळा धूर नाही, ऑइल कमी होत नाही. एवढी माहिती घेऊन मी त्याच गॅरेजला गेलो. गॅरेजचं आणि मालकाचं नाव देत नाही.

मी सांगितलेलं त्यानं किती ऐकलं, कुणास ठाऊक. इंजिन चालू ठेवून त्यानं ऑइल भरायचं झाकण उघडलं आणि त्यावर माझा तळहात धरायला लावला. आतून फस्स-फस्स हवा येत होती, थोडी वाफही.

"बघा साहेब, कॉम्प्रेशन सगळं खाली उतरतंय. पिस्टन गेलाय. बोअर मारायला लागणार."

बोअर मारणं म्हणजे सिलिंडर आतून तासून मोठा करणं. हा झाकणाचा खेळ नीट लक्षात ठेवा. एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो तशी त्याच्याखालची हवाही दाबली-ओढली जाते, त्यामुळे झाकण उघडलं की धडधाकट इंजिनसुद्धा असंच फुसफुसतं. गरम ऑइलची थोडी वाफही येतेच. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघायचा असेल तर स्पार्क प्लग काढून त्या जागी दाब मोजायचं गेज लावतात. पाच मिनिटांचं काम आहे. आकडा कमी आला, तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. आकडा वर चढला तर रिंगा झिजल्यात, तेवढाच राहिला तर व्हॉल्व्हकडे बघायचं. गेज न लावता 'पिस्टन गेला' म्हणणाऱ्याच्या हातात गाडीची किल्ली ठेवायची नाही. गेज मी मागितलं होतं. "पोरानं नेलंय, उद्या येतंय" असं उत्तर मिळालं. ते कधी दिसलं नाही.

ठरल्या दिवशी गाडी घ्यायला गेलो तर इंजिन चकचकीत. धुऊन वर सिल्व्हर रंग मारलेला. "फुल काम झालंय साहेब, नव्यासारखं." जुने पार्ट मागून घ्यावेत हे सगळेच सांगतात, तसे मी मागितले. त्यानं लगेच कापडात गुंडाळलेला पिस्टन काढून दिला. उभे ओरखडे पडलेले, डोकं काजळीनं काळंकुट्ट. तो बघून कुणाचीही खात्री पटावी. बिल म्हणजे वहीचं पान: 'इंजिन काम, ७,८००'. पार्टचा नंबर नाही, पिस्टनचं खोकं नाही. आणि निघताना ते पन्नासचं पथ्य. ऑइलसुद्धा हजार झाल्यावरच बदला, म्हणाला. खरोखर बोअर मारलेल्या इंजिनाचं पहिलं ऑइल त्याच्या बरंच आधी काढतात, कारण नव्या रिंगा घासल्याचा बारीक चुरा त्यात उतरतो.

मी पथ्य पाळलं. पन्नासनं कागल गाठणं म्हणजे हायवेच्या डाव्या कडेनं मोपेडवाल्यांच्या रांगेत जाणं. पथ्य संपल्यावर मूठ पिळली, तर काटा परत सहा हजाराला चिकटला. गॅरेजवाला म्हणाला, "अजून मोकळी व्हायला पाचशे किलोमीटर लागतील." पुढच्या खेपेला म्हणाला, "आता क्लच प्लेट बघाय लागंल."

तेव्हा ऑफिसातल्या एकानं मला उद्यमनगरजवळच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे नेलं. उद्यमनगरात लेथ, फाउंड्री आणि इंजिनांचीच दुनिया; तिथली माणसं धातूला फसत नाहीत. या मिस्त्रींनी, म्हणजे चाचांनी, गाडी चालू न करताच पहिला प्रश्न विचारला, "बोअर कुठं मारला?" कारण गॅरेजमध्ये सहसा बोअर मारत नाहीत. सिलिंडर बोअरिंगवाल्याकडे जातो, तिथं पिस्टनच्या मापानं तासून होनिंग, म्हणजे आतून बारीक घासणं, होतं आणि बहुतेक वेळा त्याची चिठ्ठी मिळते. माझ्याकडे नुसतं वहीचं पान होतं.

मग त्यांनी स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं सिलिंडरच्या पात्यांवरचा सिल्व्हर रंग खरवडला. खाली वाळलेली लाल माती. हेड, म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, आणि सिलिंडर यांच्या सांध्यावरही तीच, थर न मोडलेली.

"हेड उघडलं असतं तर ही माती राहिली असती का? मातीवरच रंग मारलाय बघा."

सायलेन्सरचा बेंड जिथं हेडला बसतो, तिथले नट दाखवले. गंजानं धरलेले, पान्याचा एकही ओरखडा नाही. ते सोडल्याशिवाय हेड निघतच नाही. गेज लावलं: १५५ पीएसआय, म्हणजे कॉम्प्रेशन ठणठणीत. "ह्या इंजिनाला काय झालंय?" चाचांनी मलाच विचारलं.

डिकीत तो जुना पिस्टन अजून होता. तो बाहेर काढल्यावर शेजारच्या लेथवरचा मुलगा व्हर्नियर घेऊन आला. माप आलं ५० मिलिमीटरच्या आसपास. दीडशे सीसीच्या माझ्या गाडीचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५७चा. पन्नासचा पिस्टन शंभर सीसीच्या गाड्यांना असतो. ५० मिमी बोअर आणि ४९.५ मिमी स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) धरला की हिशेब ९७.२ सीसीचा येतो. आपल्याकडच्या अर्ध्याअधिक गावांत ज्या गाड्यांवर दूध जातं, त्यातल्याच एखादीचा हा पिस्टन. माझ्या सिलिंडरमध्ये तो टाकला असता तर खुळखुळला असता. म्हणून सांगतो, जुने पार्ट मागून घेणं पुरेसं नाही, ते आपल्याच गाडीचे आहेत का हे मोजून घ्या. आणि नवा पिस्टन बसवायच्या आधी बघायला मागा. बोअर मारून टाकलेला पिस्टन मूळ मापापेक्षा मोठा असतो, आणि ०.२५ किंवा ०.५० अशी जादा मापाची खूण बहुधा त्याच्या डोक्यावर असते.

खरा बिघाड निघाला कार्बोरेटरमध्ये. माझ्या गाडीच्या कार्बोरेटरात मूठ पिळली की फक्त खालची चकती उघडते. वरची स्लाइड, म्हणजे वर-खाली सरकणारा भाग, आपल्या हातानं उचलली जात नाही, ती इंजिनच्या ओढीनं उचलली जाते, आणि ती ओढ धरून ठेवतो एक पातळ रबरी पडदा, डायफ्राम. स्लाइड वर जाते, तिच्याबरोबर सुई वर येते, तेव्हा वरच्या वेगाला लागणारी हवा आणि पेट्रोल मिळतं. पडदा फाटला की ओढ गळून जाते. हळू चालवताना काही कळत नाही, आणि मूठ पूर्ण पिळली तरी स्लाइड अर्ध्यातच लोंबकळते. चाचांनी एअर फिल्टरची नळी काढली, बोटानं स्लाइड वर केली आणि सोडली. ती सावकाश उतरायला हवी होती, टपकन पडली. वरचं झाकण काढल्यावर पडद्याच्या कडेला नखाएवढी चीर दिसली, आणि रबर फुगलेलं.

रबर फुगतं ते बहुधा कार्बोरेटर साफ करायचा स्प्रे त्यावर मारल्यानं. डायफ्राम काढून बाजूला न ठेवता फवारा मारला की असं होतं. माझ्या सर्व्हिसिंगच्या यादीत 'कार्बोरेटर क्लीनिंग' होतं, आणि तक्रार सुरू झाली ती त्यानंतरच. त्यावरून काय ते समजा. स्लाइडसकट नवा डायफ्राम आणि मजुरी धरून हजाराच्या आत काम झालं. त्याच संध्याकाळी काटा साडेआठ हजारापर्यंत सरळ गेला.

गंजलेले नट, मातीवरचा रंग, व्हर्नियरमधला पिस्टन, सगळ्याचे फोटो काढून मी गॅरेजवर गेलो. आधी आवाज चढला. मग मी ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर मोबाईलवर लावून दाखवला, तसा उतरला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापार प्रथा आहे, त्यामुळे "पक्कं बिल कुठाय तुमच्याकडं?" हा प्रश्न त्याच्यावरच उलटतो. जिल्हा ग्राहक आयोगाकडे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. वहीचं पान, यूपीआयनं पैसे दिल्याची नोंद आणि दुसऱ्या मेकॅनिकचं लेखी म्हणणं, एवढं जवळ ठेवा.

गाडी इंजिनकामाला सोडणार असाल तर आदल्या रात्री हेडच्या नटावर आणि सायलेन्सरच्या बेंडच्या नटावर नेलपॉलिशचा एक ठिपका द्या, नट आणि बॉडी दोन्हीवर येईल असा. किलोमीटरच्या आकड्यासकट फोटो काढा. नट फिरला की ठिपका तुटतो. ऑफिसातले आम्ही बरेच जण आता हे करतो, आणि घरून विचारणा होते की नेलपॉलिश इतक्या लवकर कशी संपते.

गॅरेजवाल्यानं "पोरानं घोळ केला, मी गावाला होतो" म्हणत ४,००० परत पाठवले. बाकीचे दिवाळीनंतर देतो म्हणाला. आणि उठताना तो पन्नासचा पिस्टन परत मागितला. मी दिला नाही.