डिफरन्शियल लॉक की ट्रॅक्शन कंट्रोल?

ट्रकचं एक मागचं चाक चिखलात गरगर फिरतं आणि कोरड्या जमिनीवरचं दुसरं ढिम्म हलत नाही. दोष साध्या डिफरन्शियलचा, म्हणजे इंजिनाचा जोर दोन्ही चाकांत वाटणाऱ्या गिअरच्या जोडणीचा: तो दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, त्यामुळे घसरणाऱ्या चाकाला जेवढा पेलवतो तेवढाच दुसऱ्याला मिळतो.

लॉक लावला की दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात आणि पकड असलेलं चाक गाडी ओढून काढतं. पण तो गाडी थांबवून लावायचा. चाक फिरत असताना लावलात तर आतले दाते तुटू शकतात. शिवाय लॉक लावून वळण घ्यायला गेलात तर गाडी सरळच रेटते, टायर घासतात, ॲक्सलवर ताण येतो. कडक जमीन लागताच काढा.

ट्रॅक्शन कंट्रोल एबीएसच्या (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवरून घसरणारं चाक ओळखतो, त्याला ब्रेक लावतो, इंजिनाचा जोरही कमी करतो. ओल्या डांबरी रस्त्यावर, विशेषतः रिकाम्या ट्रकमध्ये, मी यालाच पसंती देईन. चालकाला काहीच करावं लागत नाही. खोल चिखलात मात्र नेमका हवा तेव्हाच जोर कापला जातो. म्हणून बऱ्याच ट्रकना ट्रॅक्शन कंट्रोल सौम्य करायचं बटण असतं.

खाणीत, बांधकामावर? लॉकच.