हृदयविकारानंतर वजन उतरवताना: ब्लूटूथ काट्याचं काय ऐकावं, काय सोडून द्यावं

अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाल्यावर डॉक्टर वजन कमी करायला सांगतात आणि घरात काचेचा ब्लूटूथ काटा येतो. हजार ते अडीच हजारांत मिळणारे हे काटे मोबाइलवर वजन, चरबी, स्नायू, पाणी, ‘शरीराचं वय’ असे दहा-बारा आकडे दाखवतात. त्यातलं वजन तेवढं थेट मोजलेलं असतं, बाकीचे अंदाज.

चरबीसाठी धातूच्या पट्ट्यांतून तळपायात अतिशय सौम्य वीज सोडतात आणि तिला होणारा अडथळा, उंची, वय, लिंग यांवरून सूत्राने आकडा काढतात. वीज मुख्यतः एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरते. म्हणजे हृदयाला ज्या पोटाच्या चरबीचा धोका, तीच नीट मोजली जात नाही. शिवाय पाण्यातून वीज सहज जाते. हृदय कमकुवत होऊन पायांवर सूज चढली, तर काटा चरबी घटली आणि स्नायू वाढले असं दाखवू शकतो. आजाऱ्याच्या दृष्टीने ही सर्वांत वाईट खोट. पेसमेकर किंवा आयसीडी (ठोके धोकादायकरीत्या बिघडले की हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) बसवलेल्यांनी हे काटे वापरूच नयेत. साधा डिजिटल काटा घ्यावा.

दुकानातच पारखून घ्या. आधी नुसतं उभं राहा, उतरा, मग अर्धा लिटर पाण्याची भरलेली बाटली हातात घेऊन चढा. साधारण अर्धा किलो वाढायला हवं. काही स्वस्त काटे थोडा फरक असला तर मागचाच आकडा पुन्हा दाखवतात, ते इथेच उघडे पडतात.

घरी काटा सपाट लादीवर ठेवा. एक पाय लाद्यांच्या सांध्यात आला किंवा खाली पायपुसणं असलं की वजन चुकतं. पावसाळ्यात लादी ओली असते, पाय सरकतो. आधी पुसून घ्या. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाआधी, तशाच हलक्या कपड्यांत वजन करा आणि आठवड्याची सरासरी बघा. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी भरपूर झालं. घाईने उतरवलं तर स्नायूही झडतात. हार्ट फेल्युअर (हृदय कमकुवत होऊन अंगात पाणी साठणं) असलेल्यांनी मात्र वजन रोज लिहावं: तीन दिवसांत २ किलो वाढलं तर ते पाणी असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. वजन उतरलं की बीपी-मधुमेहाच्या गोळ्यांचा डोसही तपासून घ्यावा लागतो.

कंबर मोजायला शिंप्याची टेप या काट्यापेक्षा भरवशाची. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर मोजा. भारतीय पुरुषांत ९० सेंमी, स्त्रियांत ८० सेंमी ही मर्यादा.

ॲपची खरी उणीव वेगळी आहे. ते फक्त ‘लक्ष्य वजन’ विचारतं, कशासाठी ते विचारत नाही. जिवावरच्या दुखण्यातून उठलेल्या माणसाला ‘७२ किलो’ असा लक्ष्याचा आकडा फार दिवस धरून ठेवत नाही. दादरचा पूल मध्ये न थांबता चढणं किंवा नातवाला कडेवर घेऊन चाळीचा जिना चढणं धरून ठेवतं. तेव्हा डॉक्टरांची परवानगी घेऊन काट्याशेजारच्या वहीत आणखी दोन रकाने आखा: जिना चढताना बोलता आलं का, आणि हात न टेकता खुर्चीतून ३० सेकंदांत किती वेळा उठता आलं. छातीत दुखलं किंवा चक्कर आली की तिथेच थांबा. वजन महिनाभर हललं नाही तरी हे रकाने पुढे सरकतात, आणि माणूस आहार-चालणं सोडत नाही.

साध्या वजनासाठी काटा घ्यायला हरकत नाही. चरबीच्या आकड्यांसाठी जास्त पैसे मोजू नका.