ऑडिओमॉथ: सातपुड्यात नऊ महिने वापरल्यानंतर

रानपिंगळा (एक छोटं घुबड) नामशेष झाला असं धरून बसलेल्यांना तो १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा दिसला. तो दिवसाही बोलतो, त्यामुळे त्याच्या नोंदींसाठी ऑडिओमॉथवर (झाडाला बांधायचं, ठरल्या वेळी आपोआप आवाज टिपणारं छोटं यंत्र) रात्रभर रेकॉर्डिंग करायची गरज नाही. वन विभागाची परवानगी घेऊन यंत्र पहाटे साडेपाच ते साडेनऊ आणि दुपारी साडेचार ते साडेसहा एवढंच चालवा.

सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घ्यायचे ते) ३२ किलोहर्ट्झ ठेवा, म्हणजे १६ किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज येतात. घुबडांना तेवढं भरपूर झालं. वटवाघळांसाठी मात्र १९२ किंवा त्याहून जास्त लागतो. ३२ वर तासाला सुमारे २३० एमबी जातात, म्हणजे रोज सहा तासांच्या हिशोबाने ६४ जीबीचं कार्ड दीड महिना पुरतं. तीन डबल-ए अल्कलाइन सेल त्याआधीच, चार आठवड्यांत, बसतात. मे महिन्यात सेल पाझरून पट्ट्यांवर पांढरा थर चढतो, म्हणून उन्हाळ्यात लिथियमचेच घाला.

घोटाळा होतो तो घड्याळात. फाइलचं नाव मुळात यूटीसी वेळेने (जागतिक वेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) पडतं. पहाटे साडेपाचची फाइल ००००००ने संपते, आणि हे ध्यानात न घेता तक्ता भरला की पहाटेचे पक्षी मध्यरात्री बोलतात! सेल काढले की घड्याळही जातं, म्हणून सेल बदलल्यावर वेळ पुन्हा लावायलाच हवी.

जागा निवडताना सागाची फांदी टाळा. फेब्रुवारीनंतर वाळक्या पानांची खडखड माइकमध्ये सगळ्यात मोठी येते. अंजनाच्या खोडाला छातीच्या वर, तोंड थोडं खाली करून बांधलेलं बरं. एकदा कुंभारमाशीने माइकच्या भोकावर मातीचं घर लिंपलं. स्पेक्ट्रोग्रामवर (आवाजाचं चित्र, बारीक आवाज वर आणि जाड आवाज खाली) तीन आठवडे नुसती करडी पट्टी! तेव्हापासून दर पंधरवड्याला भोक मऊ ब्रशने साफ करतो.

मे-जूनमध्ये झाडांवरच्या किरकिऱ्यांचा जाड पट्टा उमटतो, पण रानपिंगळ्याची हाक त्याच्या बरीच खाली असते, तिथे डोळा ठेवा. बर्डनेट (आवाजावरून पक्षी ओळखणारं सॉफ्टवेअर) तीन-तीन सेकंदांचे तुकडे तपासून नाव सुचवतं. ते कानाने पडताळल्याशिवाय यादीत घालू नका, साधा पिंगळा सहज फसवतो. दहा हाका म्हणजे दहा पक्षी नव्हेत, आणि हाक नाही म्हणून पक्षी नाही असंही नव्हे.

वाटेवरच्या गुराख्यांचं बोलणंही रेकॉर्ड होतं. ते तुकडे फाइली कुणाला देण्याआधी पुसून टाका.