रिमोट स्टार्टर: हातातला रिमोट की मोबाइल अ‍ॅप?

गाडीत बसण्याआधी इंजिन सुरू करून एसी किंवा हीटर चालू ठेवायचा, एवढंच काम असेल तर साधा रेडिओ रिमोट पुरतो. त्याला नेटवर्क लागत नाही, वर्गणी नाही. अडचण पल्ल्याची: खोक्यावर छापलेलं अंतर मोकळ्या मैदानातलं असतं, मध्ये काँक्रीटच्या भिंती आल्या की ते बरंच घटतं. घ्यायचाच तर दुतर्फी घ्या. इंजिन खरंच सुरू झालं का, हे तो उलट कळवतो.

अ‍ॅपला अंतराचं बंधन नाही. दार लॉक आहे का, हेही बहुधा दिसतं. पण अनेकदा वर्गणी भरावी लागते, आणि तळघरातल्या पार्किंगमध्ये सिग्नल नसेल तर सगळं ठप्प. शिवाय त्यासाठी गाडीत बसवलेलं मोड्यूल (नेटवर्कशी जोडणारं उपकरण) गाडी बंद असतानाही बॅटरीतून थोडा करंट ओढतं. आठवडेच्या आठवडे उभ्या राहणाऱ्या गाडीला हे जाचतं. माझा कल रिमोटकडे. गाडी फार लांब उभी करावी लागत असेल, तरच अ‍ॅप.

बसवणं मात्र दोन्हींचं सारखंच नाजूक. गाडीत इमोबिलायझर (ओळखीची चावी नसेल तर इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर रिमोटने सुरू करताना ती अडवू नये म्हणून त्या मॉडेलला जुळणारं बायपास मोड्यूल हवं, आणि बॉनेट उघडताच इंजिन बंद करणारा स्विचही. तो टाळून पैसे वाचवणारा मेकॅनिक नकोच. मॅन्युअल गिअरच्या गाडीत न्यूट्रलची खात्री करणारी यंत्रणा नसेल तर स्टार्टर बसवूच नका. गिअरमध्ये राहिलेली गाडी सरळ पुढे उडी मारते. बंद गॅरेजमध्ये तर दोन्ही वर्ज्य, कारण धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.