परतीचं भाडं, आणि ८०० किलोमीटर केबिनमध्ये पडून राहिलेला फोन नंबर

माझ्या दोन दहा चाकी गाड्या आहेत. राहायला सांगलीत, गाड्यांवर पगारी ड्रायव्हर. बेदाणा भरून गाडी इंदूरला जाते. जातानाचं भाडं ओळखीच्या व्यापाऱ्यांचं असतं, त्यात आजवर कधी खोट आली नाही. जीव टांगणीला लागतो तो परतीच्या भाड्यापायी. परक्या गावात गाडी रिकामी उभी, ड्रायव्हरचा भत्ता चालू, बँकेचा हप्ता काही थांबत नाही. अशा वेळी फोनवर जो गोड बोलेल तो आपला वाटतो. गेल्या ऑगस्टमध्ये मी तिथंच फसलो.

गाडी इंदूरला खाली होऊन दोन दिवस झाले होते. भाड्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला: देवास ते कराड, सोया पेंड, १८ टन, टनाला ३,२०० रुपये. त्या आठवड्यात त्या रस्त्याला २,७०० च्या वर कुणी बोलत नव्हतं. टनामागं पाचशे रुपये जास्त कोण कशाला देईल, हा प्रश्न मला पडलाही होता. पावसामुळं गाड्या कमी असतील, असं म्हणून मीच तो गिळला.

फोनवरचा माणूस, म्हणजे भाडं लावून देणारा एजंट, मराठीच बोलत होता. ‘दादा, पार्टी (माल मागवणारी) घरचीच आहे, काळजी करू नका.’ त्यानं ट्रान्सपोर्टचं कार्ड पाठवलं. त्यावरचा जीएसटी नंबर मी पोर्टलवर टाकून बघितला, फर्म निघाली खरी. तेवढ्यावर मी निर्धास्त झालो. पण कार्डावरचा मोबाईल नंबर त्याच फर्मचा आहे का, हे काही पाहिलं नाही. त्यानं दुसऱ्याच्या फर्मचं नाव आणि जीएसटी नंबर उचलून खाली स्वतःचा मोबाईल छापला होता. मग त्यानं आरसी, लायसन्स, पॅन कार्ड आणि गाडीचा फोटो मागितला. ही कागदपत्रं सगळेच मागतात, म्हणून दिली.

आमचे ड्रायव्हर मामा माझ्याकडं सात वर्षं होते. माझा एक नियम होता, आणि तो मला फार शहाणपणाचा वाटायचा: ड्रायव्हरनं पार्टीशी पैशाचं बोलायचं नाही. पूर्वी एका पोरानं परस्पर बॅलन्स, म्हणजे राहिलेलं भाडं, उचलला होता, तेव्हापासूनचा. त्यामुळं मामांना मी नेहमीसारखं सांगितलं, एजंट म्हणेल तसं करा. एजंटानं मामांना परस्पर फोन करून दोन गोष्टी सांगितल्या. गेटवर कुणी विचारलं तर गाडी त्याच्याच ट्रान्सपोर्टची आहे म्हणायचं. भाड्याचा विषय काढायचा नाही, मोठी पार्टी आहे, त्यांना आवडत नाही. वर चहापाण्याला म्हणून २,००० रुपयेही टाकले. मामांनी ते लगेच मला सांगितले. स्वतःहून पैसे पाठवणारा माणूस खोटा कसा असेल, असं आम्हा दोघांनाही वाटलं.

गाडी भरली, काटा झाला, ताडपत्री बांधली. बिल आणि ई-वे बिल मामांच्या हातात आलं. बिल्टी, म्हणजे माल वाहतुकीला घेतल्याची पावती, मात्र आली नाही, ‘व्हॉट्सअ‍ॅपला टाकतो’ म्हणाला. ठरलेला अ‍ॅडव्हान्स सुटेना. आधी बँकेचा सर्व्हर, मग शनिवार-रविवार, मग ‘खाली करतानाच सगळं एकदम घ्या, दादा’. मी पंपावरून उधारीवर डिझेल टाकलं. बिजासन घाट उतरून धुळे, मनमाड, शिर्डी, नगर करत गाडी चौथ्या दिवशी कराडजवळच्या पोल्ट्री फीडच्या गोदामावर पोचली. घरापासून जवळ म्हणून मी स्वतः गेलो. डिझेल, टोल, भत्ता मिळून माझे २५,००० च्या वर गेलेले होते.

गोदामाच्या मॅनेजरनं रजिस्टर उघडून सांगितलं, ‘तुमचं भाडं २,७०० नं ठरलं होतं. ४८,६०० पैकी ४३,००० गाडी भरली त्याच दिवशी तुम्हाला गेलेत. आता ५,६०० राहिले.’ मोबाईलवर त्यांनी माझीच आरसी, माझंच पॅन कार्ड दाखवलं. त्या माणसानं माझे कागद पाठवून ‘मी गाडीमालक’ म्हणून त्यांच्याशी बोलणी केली होती. खातं तिसऱ्याच नावाचं, ‘मेव्हण्याचं आहे, माझ्या खात्याला अडचण आहे’ असं सांगून दिलेलं. आरसीवरचं नाव आणि खात्यावरचं नाव वेगळं, हे त्यांनीही चालवून घेतलं.

मला ३,२०० आणि त्यांना २,७०० असे दोन भाव सांगणं त्याला परवडत होतं, कारण तो मला काही देणारच नव्हता.

रागाच्या भरात मी गाडी भरलेलीच बाहेर काढायला निघालो होतो. सांगलीतल्या एका जुन्या ट्रान्सपोर्टवाल्या काकांना फोन लावला. ते ओरडलेच, ‘मालाला हात लावू नकोस!’ वाहतुकीसाठी विश्वासानं ताब्यात दिलेला माल वाहतूकदारानं लाटला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६(३) खाली ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. माल अडवून बसलो असतो तर फसलेला मी आणि आरोपीही मीच झालो असतो. माल खाली केला. त्या लोकांनी राहिलेले ५,६०० दिले आणि माणुसकीनं वर १०,००० दिले. त्यांचीही चूक अर्धी होती आणि नुकसानही झालं होतं, म्हणून मी जास्त ताणलं नाही.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन तिथूनच केला. पण पैसे त्यांच्या खात्यातून गेलेले, त्यामुळं तक्रार त्यांना करावी लागली, आणि चार दिवसांत खातं रिकामं झालं होतं. पहिल्या काही तासांत फोन गेला तर रक्कम गोठवता येण्याची आशा असते. पोलीस ठाण्यात आधी ‘हा व्यवहाराचा वाद आहे, दिवाणीत जा’ असं ऐकावं लागलं. दोन्ही बाजूंचे चॅट, बिल आणि काटा पावती एकत्र ठेवली तेव्हा अर्ज घेतला.

आता जे लिहितोय ते लिहायला सगळ्यात जड जातंय. त्या संध्याकाळी घरी येऊन मी मामांना विचारलं, ‘त्यानं तुम्हाला किती दिले?’ गाडी आपली नाही, असं गेटवर तुम्ही का सांगितलंत? भाड्याचं का विचारलं नाही? मामा एवढंच म्हणाले, ‘मालक, तुम्हीच सांगितलंत विचारायचं नाही.’ किल्ली टेबलावर ठेवली, राहिलेल्या पगाराचंही काही बोलले नाहीत, निघून गेले.

रात्री गाडीचे कागद चाळताना सोया पेंडच्या बिलाची प्रत हाती लागली. त्यावर खरेदीदाराचं नाव, पत्ता आणि फोन नंबर स्वच्छ छापलेला होता. ८०० किलोमीटर तो कागद केबिनमध्ये होता. देवासच्या गेटवरून मामांनी एक फोन लावला असता, ‘साहेब, भाडं कितीनं ठरलंय आणि पैसे कुणाच्या नावावर टाकताय?’ एवढं विचारलं असतं, तर पैसे जाण्याआधीच सगळं उघडं पडलं असतं. मामा ते विचारू शकले असते. माझ्या नियमानं त्यांचं तोंड बांधून ठेवलं होतं. या लोकांचा सगळा धंदा त्यावरच चालतो. मालक घरी बसलेला, ड्रायव्हर गेटवर गप्प, पार्टी तिसऱ्या गावात, आणि या तिघांचं एकमेकांशी बोलणं फक्त त्या एकाच माणसामार्फत.

म्हणून गाडीवाल्या भावांनो, हात जोडून सांगतो. ड्रायव्हरला गप्प बसवू नका. नवा एजंट असेल तर गाडी लावण्याआधी माल घेणाऱ्याशी तुम्ही स्वतः बोला, त्याचा नंबर एजंटाकडून घेऊ नका, बिलावरून घ्या किंवा माल भरणाऱ्याकडून घ्या. ‘गाडी आमचीच म्हणा’ असं कुणी ड्रायव्हरला सांगितलं की तिथंच थांबा. बिल्टी आणि अ‍ॅडव्हान्स हातात पडल्याशिवाय गेट सोडू नका. २००७ च्या कॅरेज बाय रोड कायद्यात बुकिंग एजंट आणि ब्रोकरही येतात, त्यांना नोंदणी लागते. तो नोंदणी क्रमांक मागा. पाठवलेल्या आरसीच्या प्रतीवर एजंटाचं नाव, तारीख आणि ‘फक्त या फेरीसाठी, पैसे फक्त गाडीमालकाच्या नावच्या खात्यात’ असं आडवं लिहून मगच फोटो काढा.

मामांच्या घरी मी तीनदा गेलो. दोनदा ते भेटले नाहीत. तिसऱ्या वेळी वहिनींनी चहा दिला, मी सगळ्यांसमोर माफी मागितली. दिवाळीनंतर ते परत आले, पण ‘पार्टीशी मी बोलणार’ ही अट घालून.

मागच्या महिन्यात पीथमपूरच्या गेटवरून त्यांचा फोन आला. ‘मालक, एजंट २,९०० म्हणतोय, पार्टीला विचारलं तर ते २,४०० म्हणतायत. गाडी लावू का?’

मी म्हटलं, ‘नको मामा, रिकामी काढा.’

धुळ्यापर्यंत गाडी रिकामीच आली.