तुळशीच्या तेलासाठी कायटोसान की सॅलिसिलिक आम्ल?

दोन्ही फवारण्या झाडाला कीड-रोगाचा खोटा इशारा देतात. बचावासाठी पानांवरच्या तैलग्रंथींत तेल वाढू शकतं.

कायटोसान कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून मिळतं. साध्या पाण्यात ते विरघळत नाही, आम्ल लागतंच. ४ टक्क्यांचं २५ मिली व्हिनेगर आणि ७५ मिली पाणी यांत १ ग्रॅम पूड टाकून अधूनमधून ढवळत रात्रभर ठेवा, फडक्यातून गाळा, मग ५ लिटर करा. बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी-चिकोडीकडच्या बोअरच्या जड, क्षारयुक्त पाण्यात मात्र त्याचा साका होतो आणि नोझल तुंबतं, म्हणून साठवलेलं पावसाचं पाणी वापरा. ताम्रयुक्त बुरशीनाशकात मिसळू नका.

सॅलिसिलिक आम्ल स्वस्त आणि झटपट. १० लिटरला ०.७ ग्रॅम, आधी १० मिली अल्कोहोलमध्ये विरघळवून बारीक धारेनं, ढवळत ओता. घाई केली तर खडे धरतात. मात्रा वाढली की पानांच्या कडा करपतात, वाढ खुंटते. तेलाचा टक्का वाढला तरी पाला घटला तर एकरी तेल कमीच! हा धोका मोठा आहे, म्हणून पहिल्यांदा करणाऱ्यानं कायटोसानच घ्यावं.

फवारणी संध्याकाळी, फुलोऱ्याच्या कापणीआधी ७ ते १० दिवस. त्याच जिल्ह्यातल्या खानापूरच्या पावसात दोन्ही फवारण्या धुऊन जातात. उघडीप बघूनच पंप उचला. काही ओळी नुसत्या पाण्यानं फवारा आणि औषध फवारलेल्या व पाणी फवारलेल्या ओळींचं तेल वेगवेगळं काढून मोजा.